साहेब जेवायला गेलेत

इलाही शिकलगारने टीव्हीची वायर काढायचा कंटाळा केला, एवढंच झालं. पुढचं सगळं आपल्या पायांनी चालत आलं.

इलाही रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. त्याचे वडील बाबालाल कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचे आणि फारसं बोलायचे नाहीत, कारण चाकाच्या आवाजात बोललेलं वाया जातं असं त्यांचं मत होतं. थोरला भाऊ मौला कुवेतला होता. शहाऐंशी सालच्या थंडीत त्याने सुट्टीवर येणाऱ्या एका दोस्ताबरोबर घरी खोकं पाठवलं. अम्माने, म्हणजे सुगराबींनी, मिक्सर मागितला होता. खोक्यातून पाटीएवढी चपटी काळी वस्तू निघाली. तिच्यावर रबराची बटणं होती आणि बटणांवर इंग्रजी अक्षरं. सुगराबींनी ती उलटी केली, कानाशी धरून हलवली, मग खोक्यात हात घालून तळ चाचपला.

"ह्याचं भांडं कुठाय?"

"अम्मा, हा कॉम्प्युटर हाय," इलाही म्हणाला.

"असंल की. पण भांडं कुठाय?"

दोस्ताने मौलाचा निरोप सांगितला. मिक्सर काय कुणीही घेतं, ही पुढच्या जमान्याची वस्तू आहे.

"पुढच्या जमान्यात वाटण वाटायचं न्हाय का?" सुगराबींनी विचारलं. दोस्त चहा न घेताच गेला.

त्या दिवशी इलाहीने ती वस्तू टीव्हीला जोडली, एक बटण दाबलं, आणि काचेवर 'ए' उमटला. तो बराच वेळ त्या 'ए'कडे बघत बसला. आजवर टीव्हीत जे काही दिसलं ते दिल्लीहून नाहीतर मुंबईहून आलं होतं. घरातून टीव्हीत काही गेलं, असं त्या गल्लीत कधी घडलं नव्हतं. त्याने अब्बांना हाक मारली. बाबालालनी चष्मा लावून 'ए' पाहिला, इलाहीचं बोट पाहिलं, पुन्हा 'ए' पाहिला आणि डोक्यावरची टोपी नीट केली. थोर माणूस घरी आला की ते असंच करायचे.

सुगराबींना नीट करायला टोपी नव्हती. त्यांनी पेठ वडगावच्या कृष्णात नावाच्या भांड्यांच्या व्यापाऱ्याशी बोलणं पक्कं करून टाकलं. कृष्णातला कॉम्प्युटर दुकानात मांडायचा होता, म्हणजे तो बघायला येणारी माणसं जाताना पातेली नेतील. बदल्यात तो तीन भांड्यांचा मिक्सर देणार होता. रविवारी येतो म्हणाला होता.

"अम्मा, असं करू नगंस," इलाही काकुळतीला आला. "त्याच्यासारखी वस्तू सगळ्या कोल्हापुरात शोधून घावायची न्हाय."

"मग रविवारपतोर ह्यानं माझं एक काम करून दावावं. एकच. ऱ्हाऊ दे मग घरात."

"कुठलं काम?"

"त्ये त्याचं त्याला कळाय पाह्यजे. येवढा शाना हाय न्हवं?"

सुगराबींच्या आयुष्यात तशी एकच अडचण होती आणि ती दारासमोर बांधलेली होती. शेजारच्या पिराजी चौगुलेच्या दोन म्हशी. गोठा गल्लीच्या सरकारी जागेत, बरोबर शिकलगारांच्या उंबऱ्यासमोर होता. दार उघडलं की आधी शेपूट दिसायचं, मग कोल्हापूर. सुगराबी वर्षानुवर्षं सांगून दमल्या होत्या आणि पिराजीचं उत्तर ठरलेलं होतं. "वैनी, जागा सरकारची हाय. सरकारनं सांगू दे, एका दिसात हलवतो. फौजेतला मानूस हाय मी. पर तोंडी कुनाचं ऐकायचो न्हाय."

यात तो खोटं बोलत नव्हता. पिराजी महायुद्धाच्या शेवटाला फौजेत भरती झाला आणि वायरलेसच्या तुकडीतून हवालदार होऊन परतला. त्याच्या वेळी फौजेत हिंदी इंग्रजी अक्षरांत लिहायची पद्धत होती. त्यामुळे मराठी पेपर वाचायला त्याला चष्मा आणि बायको बनाबाई दोन्ही लागायचे, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेला हुकूम तो लांबून वाचायचा. वाचला की पाळायचा. ही सवय सुटली नव्हती. फक्त गल्लीत त्या अक्षरांत हुकूम देणारं कुणी उरलं नव्हतं.

आता वायर. शिकलगारांच्या टीव्हीचं चॅनेल बदलायचं बटण तुटलं होतं. ते पकडीने फिरवावं लागे आणि टीव्हीला पक्कड लावायला सुगराबींची बंदी होती. म्हणून इलाहीने टीव्हीला हात न लावता कॉम्प्युटरच्या पोटातला स्क्रू फिरवला आणि त्याचं चित्र बरोब्बर दूरदर्शनच्या जागेवर आणून बसवलं. राहिली वायर. दर वेळी अँटेनाची काढायची, कॉम्प्युटरची लावायची, अम्मा बातम्या मागायला लागली की पुन्हा उलटं. तेव्हा त्याने दोन्ही वायरी एकत्र पिळून टीव्हीत खुपसल्या आणि वर चिकटपट्टी मारली.

अँटेना त्यानेच उभारली होती. गल्लीत मोकळं आभाळ फक्त पिराजीच्या गोठ्यावर, म्हणून लोखंडी खांब गोठ्याच्या लाकडी मेढीला बांधून चार घरांना वायरी दिल्या होत्या: शिकलगार, पिराजी, आकाराम शिंपी आणि पिठाची गिरणी चालवणारी चिमणाबाई. पण वायरीला वरून खालीच यायचं असतं, खालून वर जायचं नसतं, हे कुणी शिकवलेलं नसतं. कॉम्प्युटरची अक्षरं त्या वायरीने वर खांबापर्यंत गेली आणि तिथून उरलेल्या तीन घरांत उतरली. दूरदर्शन मुळात लांबून दमून यायचं. इलाहीच्या अक्षरांपुढे त्याचं काही चाललं नाही.

इलाहीला यातलं काहीच माहीत नव्हतं. आपल्या काचेपलीकडे बघायला त्याला सवड नव्हती.

अम्माला जिंकायचं तर कॉम्प्युटरने बोललं पाहिजे, असं त्याने ठरवलं. त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. कॉम्प्युटर नाव विचारणार, मग काम विचारणार, आणि जे टाइप होईल ते चांगलं आहे असं म्हणून 'अजून काय?' विचारणार. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. प्रोग्रॅम कॅसेटवर भरून ठेवला होता. लाइट गेली की कॉम्प्युटर सगळं विसरायचा, मग ती कॅसेट टेपरेकॉर्डरवर लावायची. मांजराच्या शेपटीवर सायकल गेल्यासारखा आवाज व्हायचा आणि कॉम्प्युटरला सगळं आठवायचं.

बुधवारी संध्याकाळी पिराजी टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम बघत होता. लाइट गेली, आली, भिंतीपलीकडून ती किंकाळी ऐकू आली आणि पिराजी ताठ बसला.

"बने, वायरलेस!"

"अवं, मांजार असंल."

"मांजार न्हवं. मी चव्वेचाळीस साली... वळखतो मी." टीव्हीतला शेतकरी हातातल्या वांग्यासकट विरघळला. काच पांढरी झाली आणि वर काळी अक्षरं आली. पिराजीने ती लांबूनच वाचली. "तुमचे नाव काय?"

"कुनाचं?" बनाबाईंनी विचारलं.

"गप. आपल्याला इच्यारलंय." पिराजी उठून उभा राहिला, टाचा जुळवल्या आणि छप्पर उडेल अशा आवाजात म्हणाला, "हवालदार पिराजी ज्ञानू चौगुले!"

भिंतीपलीकडे इलाहीची बोटं बटणांवर अडली होती. प्रोग्रॅम तपासायला एखादं नाव हवं होतं, आणि डोकं अशा कामात गुंतलं की माणसाला स्वतःचं नावसुद्धा सुचत नाही. तो कानावर येईल ते घेतो. पिराजीमामा ओरडतोय याचं त्याला नवल वाटलं नाही. पिराजीमामा 'मीठ दे' हेही असंच म्हणायचा. त्याने 'पिराजी' टाइप केलं.

"नमस्कार पिराजी," काच म्हणाली. "काय काम करता?"

पिराजीचा हात आपोआप कपाळाला गेला. बनाबाईंनी डोक्यावर पदर घेतला.

"म्हशी हायत दोन!"

इलाहीने 'म्हशी' टाइप केलं.

"म्हशी चांगले आहे. अजून काय?"

हे व्याकरण कॉम्प्युटरचं होतं, पण पिराजीला त्यात खोट दिसली नाही. साहेब लोक असंच बोलायचे. "बने," तो हळू म्हणाला, आणि लग्नापासून पहिल्यांदाच तो हळू बोलल्यामुळे बनाबाई जास्त घाबरल्या, "बने, सरकारला आपल्या म्हशी ठाव्या हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हे गल्लीभर झालं. आकाराम शिंप्याने तर शपथेवर सांगितलं, माझ्याबी टीव्हीत आलं, चिमणाबाईंच्याबी आलं. त्यामुळे पिराजीच्या डोक्यात काही झालंय, ही शंका फिटली. झालं असेल तर ते टीव्हीच्या डोक्यात झालं होतं. दिल्लीने टीव्हीत कान बसवलेत, असं सर्वानुमते ठरलं. त्या संध्याकाळी शेतीच्या कार्यक्रमाला सगळे पिराजीच्या घरात अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून बसले. आकारामने टीव्हीसमोर उदबत्ती लावली होती. ती पिराजीने विझवली. "सरकार हाय त्ये, द्येव न्हवं. खोकला ईल त्याला."

काचेवर प्रश्न आला आणि गल्लीने तोंड उघडलं.

"नळाला पानी येत न्हाय!" आकाराम ओरडला.

"पानी! पानी!" सगळे ओरडले.

इलाहीला शब्द हवाच होता. 'पाणी' टाइप झालं.

"पाणी चांगले आहे. अजून काय?"

पिराजीने वाचून दाखवलं.

"चांगलं हाय म्हनतंय!" चिमणाबाई उसळल्या. "आरं पर येतंय कुठं?"

"सरकारीच हाय," आकाराम समाधानाने म्हणाला. "आता कसली म्हनून शंका ऱ्हायली न्हाय."

इकडे इलाहीलाही ते 'चांगले आहे' पटेना. सारखं एकच बोलणाऱ्या वस्तूवर अम्मा भाळणार नाही. कुठल्याही प्रश्नाला लागू पडतील अशी वेगवेगळी उत्तरं हवीत, आणि त्यातलं कुठलं द्यायचं हे कॉम्प्युटरने आपल्या मनाने ठरवायला हवं. अशी उत्तरं माणसं कुठे देतात, याचा तो विचार करत बसला. मग त्याला एक कचेरी आठवली. तिथे तो दुकानाच्या परवान्यासाठी चपला झिजेपर्यंत हेलपाटे घालत होता. त्याने भराभर उत्तरं भरली: 'बघतो', 'उद्या या', 'वरून कळवू', 'साहेब जेवायला गेलेत'. 'हो' हे उत्तर त्याला आठवलं नाही. तिथे ते कुणी दिलेलं त्याने ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी मोठ्या आशेने त्याने अम्माला बोलावलं. "इच्यार काय पन."

सुगराबींनी पिठाचे हात वर धरून काचेकडे बघितलं. "इच्यार, वाटण वाटतोस का."

इलाहीने टाइप केलं. कॉम्प्युटर क्षणभर थांबला.

"काय म्हनतोय?"

"म्हणतोय... साहेब जेवायला गेलेत."

"वाटणाबिगर जेवतोय व्हय तुझा साहेब?" सुगराबी आत निघून गेल्या. भिंतीपलीकडे पिराजीने हेच वाचून दाखवलं, तेव्हा गल्लीने अदबीने माना हलवल्या आणि साहेबांचं जेवण होईपर्यंत सगळे बसून राहिले.

शनिवारी दुपारी बनाबाई विरजण मागायला आल्या. वाटी हातात घेऊनही जाईनात.

"सुगराभाबी, तुमच्या टीव्हीत येतंय का वं सरकार?"

"कंचं सरकार?"

बनाबाईंनी सगळं सांगितलं. नाव विचारलं, म्हशी विचारल्या, पाणी चांगलं आहे म्हणाला, काल साहेब जेवायला गेले ते अजून आलेले नाहीत. "आमचं हे तर रोज दाढी करून बसत्यात हो. आनी हुकूम आला तर घरात मानूस पाह्यजे म्हनून तालमीकडंबी जाईनात."

सुगराबींनी ऐकून घेतलं, वाटीत विरजण घातलं, बनाबाईंना उंबऱ्यापर्यंत पोचवलं आणि दार लावून इलाहीसमोर उभ्या राहिल्या. "साहेब जेवायला गेल्याचं कुणाकुणाच्या टीव्हीत गेलंय?"

इलाहीने टीव्हीमागची पिळलेली वायर बघितली. मग खिडकीतून खांब बघितला. मग खांबावरून निघालेल्या तीन वायरी बघितल्या आणि तो खाली बसला.

"अम्मा, बिनपरवाना वायरलेस! धरून नेतील मला. आत्ता तोडतो वायर."

"हात लावशील तर बघ." सुगराबी खिडकीपाशी गेल्या. समोर दोन शेपट्या डोलत होत्या. त्यांनी त्या शेपट्यांकडे आणि मग कॉम्प्युटरकडे पाहिलं. तो घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्या त्याच्याकडे अशा बघत होत्या. पदराने त्यांनी त्याच्यावरची धूळ पुसली. "म्हंजे ह्याच्यात लिवलं की त्ये पिराजीभाऊला सरकारी वाटतंय?"

"अम्मा, न्हाय. ह्ये बरोबर न्हाय."

"कृष्णात उद्या सकाळी येनार हाय," सुगराबी म्हणाल्या. "लिही. पिराजी, म्हशी हलवा."

इलाहीने भिंतीकडे बघितलं. मग कॉम्प्युटरकडे बघितलं. संध्याकाळी, शेतीच्या कार्यक्रमाच्या वेळेला, त्याने प्रोग्रॅम थांबवला आणि हुकूम सरळ काचेवर लिहिला.

"गोठाबी काढा म्हनावं," मागून आवाज आला. "न्हायतर रिकाम्या गोठ्यात चार दिसांनी परत आनतोय."

"अम्मा, पण गोठ्यावर खांब..."

"लिवतोस का मिक्सर आनू?"

इलाहीने लिहिलं. भिंतीपलीकडे "येस सर!" झालं आणि बुटांचा आवाज आला.

फौजेत हुकूम पाळायची एक रीत असते. म्हशी हलवा म्हटलं की म्हशी हलतात, गोठा काढा म्हटलं की गोठा उरत नाही. रविवारी सुगराबींनी दार उघडलं तेव्हा म्हशी ओढ्याकाठी गेल्या होत्या, गोठ्याच्या जागी झाडून काढलेली जमीन होती, मेढी उपटून एका बाजूला ओळीने लावल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी आडवा, नीट पुसलेला, वायरी गुंडाळलेला खांब होता. उंबऱ्यातून थेट कोपऱ्यावरचं झाड दिसत होतं. ते तिथे आहे, हे सुगराबी विसरल्या होत्या. त्यांना उभ्या उभ्या भरून आलं.

तेवढ्यात कृष्णात मिक्सर घेऊन आला. त्याने तिन्ही भांडी ओट्यावर मांडली, झाकण लावून दाखवलं. सुगराबींनी प्रत्येक भांड्यावरून हात फिरवला. मग तिन्ही भांडी एकात एक घातली आणि त्याच्या हातात दिली.

"न्हाय द्यायचा कॉम्प्युटर."

"का वं मावशी? काय करतोय असा तो?"

"कामाचा हाय," सुगराबी म्हणाल्या.

कृष्णात मिक्सर घेऊन हातकणंगल्याच्या गिऱ्हाइकाकडे गेला. इलाहीने त्या दुपारी आनंदाने दोनदा जेवण केलं.

संध्याकाळी रविवारचा सिनेमा होता. चारही घरांत चटया पसरल्या, दिवे मालवले, टीव्ही लावले, आणि चारही टीव्हींत नुसत्या मुंग्या. गल्लीला खांब आठवला. सगळे पिराजीच्या दारात जमले. पिराजी इस्त्रीचा शर्ट घालून मुंग्यांसमोर ताठ बसला होता.

"पिराजी, खांब उभा कर की मर्दा! सिनेमा सुरू झाला आसंल," आकाराम म्हणाला.

"हुकूम न्हाय."

"आरं काढला कुनी?"

"काढायचा हुकूम होता. उभा करायचा न्हाय. वरनं येऊ दे, एका मिनिटात करतो."

"वरनं कसं येनार? खांबच न्हाय तर!" चिमणाबाई कळवळून म्हणाल्या.

पिराजीने यावर विचार केला. ते त्यालाही पटलं. पण पटणं वेगळं आणि हुकूम वेगळा. "तवर थांबायचं," तो म्हणाला आणि पुन्हा मुंग्यांकडे बघायला लागला.

इकडे इलाही 'पिराजी. खांब उभा करा' असं लिहून केव्हाचा बसला होता. हुकूम तयार होता. पण तो घरातल्या घरात चमकत होता, कारण खांब उभा करा हा हुकूम पाठवायला खांब लागत होता. सुगराबी त्याच्यामागे येरझाऱ्या घालत होत्या. त्यांनाही सिनेमा बघायचा होता.

तेव्हा बाबालाल बोलले. त्या आठवड्यातलं त्यांचं ते पहिलंच वाक्य असावं. "हुकूम पिराजीपतोर जात न्हाय, तर पिराजीला हुकमापतोर आना की."

"अब्बा, त्यो बघंल ना सगळं!"

"तू मागं बस. तो पुढं बघंल."

पिराजीला बोलावणं गेलं: सरकार आज शिकलगारांकडे उतरलंय. पिराजी आला, मागोमाग गल्ली आली. तो टीव्हीसमोर उभा राहिला, हुकूम वाचला, टाचा जुळवल्या. "येस सर!"

सगळं इथेच संपलं असतं. पण इलाही धास्तीने इतका गोठला होता की 'करा'तल्या शेवटच्या 'ए'च्या बटणावर टेकलेलं त्याचं बोट नकळत दाबलं गेलं. काचेवर हुकमाच्या शेवटी आणखी एक 'ए' आला. मग आणखी एक. मग ओळच्या ओळ 'ए' चालत निघाले, जणू हुकमामागून पलटणच निघाली होती.

पिराजी वळायच्या बेतात होता, तो थांबला. त्याची नजर काचेवरून वायरीवर आली, वायरीवरून चिकटपट्टीवर, चिकटपट्टीवरून काळ्या पाटीवर आणि पाटीवरून इलाहीच्या बोटावर. सुगराबींनी पदर तोंडात धरला.

"उचल," पिराजी म्हणाला.

इलाहीने बोट उचललं. 'ए' थांबले.

"ठेव."

'ए' चालायला लागले.

"उचल."

थांबले. पिराजीची मान लाल झाली. तालमीतले लोक सांगायचे की पिराजीची मान लाल झाली की समोरच्याने गाव सोडावं. इलाहीला गाव सोडायला वाट नव्हती. दारात गल्ली होती.

"सरक," पिराजी म्हणाला.

इलाही सरकला. पिराजी पाटीसमोर मांडी घालून बसला. एक जाड बोट हवेत बराच वेळ फिरलं आणि एका बटणावर उतरलं. काचेवर 'पी' उमटला. पिराजीने बोट ओढून घेतलं, त्याच्याकडे पाहिलं, ते शर्टाला पुसलं आणि पुन्हा ठेवलं. एकेक अक्षर करत काचेवर 'पिराजी' उभा राहिला. या अक्षरांत आलेलं त्याने आयुष्यभर वाचलं आणि पाळलं होतं. त्याच्या बोटातून ती कधी निघाली नव्हती. त्याच्या मानेवरचा लाल रंग उतरला. बनाबाईंना ही अक्षरं वाचता येत नव्हती, पण त्यांनी ते नाव ओळखलं आणि त्या तिथेच खाली बसल्या.

"आता ते बोलनारं लाव," पिराजी हळू आवाजात म्हणाला. "इच्यारतंय न्हवं का, ते."

इलाहीने प्रोग्रॅम चालू केला. पिराजीने नाव दिलं, काम दिलं, आणि मग श्वास रोखून, एका बोटाने, सुगराबींच्या काळजावरून चालावं तसं टाइप केलं: 'म्हशी परत आणू?'

कॉम्प्युटर क्षणभर थांबला. "साहेब जेवायला गेलेत. अजून काय?"

पिराजीने झटकन इलाहीच्या हातांकडे बघितलं. "ह्ये तू लिवलंस!"

"न्हाय मामा." इलाहीने दोन्ही हात वर केले. "माझे हात हितं हायत."

"मग कुनी?"

"त्यानं. चार उत्तरं मी घातल्यात, पण कुठलं द्यायचं त्ये तो ठरवतो. मलाबी आधी कळत न्हाय. खरं सांगतो मामा, म्या केलाय आन् मलाच कळत न्हाय." बोलता बोलता इलाही स्वतःच त्या पाटीपासून वीतभर मागे सरकला. हे त्याच्याही तोपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

पिराजी उठला. कपडे झटकले. "म्हंजे तुझ्यावरबी कुनीतरी हाय," तो म्हणाला, आणि त्याने कॉम्प्युटरला सलाम ठोकला. यावेळी तो खरा होता. दारातल्या आकारामने टोपी काढली. बाबालालनी टोपी नीट केली.

दुसऱ्या दिवशी खांब उभा राहिला. तो शिकलगारांच्या छपरावर, कारण हेडक्वार्टर असेल तिथेच खांब असतो असं पिराजीचं म्हणणं पडलं. इलाहीने वायरी अलग केल्या आणि पुन्हा कधी पिळल्या नाहीत. गल्लीच्या टीव्हीत वांगी परत आली.

पण पिराजी रोज संध्याकाळी, दाढी करून, शिकलगारांकडे येतो. मांडी घालतो. एका बोटाने नाव लिहितो, काम लिहितो, मग म्हशींचं विचारतो. कधी 'बघतो' येतं, कधी 'वरून कळवू', कधी 'उद्या या'. त्याची तक्रार नसते. निर्णय लागेपर्यंत म्हशी ओढ्याकाठीच राहणार, हे तो जाणतो. सुगराबी त्याला चहा देतात, वर खारी देतात, आणि कुणी कॉम्प्युटरच्या जवळून झाडू नेला तरी ओरडतात.

एकदा, पिराजी नुकताच उठून गेला होता, इलाहीच्या मनात आलं की बिचाऱ्यासाठी उत्तरांत एक 'हो' घालून ठेवावा. पाचात एक. कधीतरी लागेल. बोट बटणापर्यंत गेलंही.

"काय करतोयस?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"काय न्हाय, अम्मा."

सुगराबी हात पुसत बाहेर आल्या. इलाहीला बाजूला सारून त्यांनी कॉम्प्युटरवर क्रोशाचं विणलेलं आच्छादन घातलं, चारी कोपरे ओढून नीट केले आणि वरून दोनदा थोपटलं.

"उद्याबी असंच बोल हां, राजा," त्या म्हणाल्या आणि वाटण वाटायला पाट्यावर जाऊन बसल्या.